पर्वरीची बाल्कनी, शोभेची झाडं आणि उटीचा मोह

मुक्ता_पर्वरी
नमस्कार मंडळी. गणपतीनंतर पर्वरीत नव्या फ्लॅटमध्ये राहायला आलो. तिसरा मजला. हॉलला पश्चिमेची बाल्कनी, बेडरूमला उत्तरेची खिडकी. सासर सावईवेऱ्याचं. तिथे परसात काठी खोचली तरी फुटते, त्यामुळे कुंडीतल्या झाडांबद्दल घरात कुणालाच काही सांगता येत नाही. नर्सरीत गेले तर सध्या सगळंच सुंदर दिसतंय. पिटुनिया, डायन्थस, लालभडक पॉइन्सेटिया. नर्सरीवाला प्रत्येक कुंडीकडे बोट दाखवून "मॅडम, याला काही करावं लागत नाही" म्हणतो.

प्रश्न दोन. शोभेची कुठली झाडं घेऊ? आणि मे महिन्यात उटीला जायचंय, तिकडची रोपं आणली तर जगतील का? गूगल करून झालंय, तिथे सगळे दिल्ली-पुण्याचे सल्ले आहेत.

जांभा
मुक्ताताई, गोव्यात झाड डिसेंबरात आवडतं आणि जुलैत मरतं. म्हणून नर्सरीत उभं राहून स्वतःला एकच विचारायचं, हे जुलैत कसं राहील? आपल्याकडे वर्षाला साधारण ३००० मिलिमीटर पाऊस, तोही जवळजवळ सगळा जून ते सप्टेंबर. तुमची बाल्कनी पश्चिमेची, म्हणजे पावसाळी वारा झडीसकट थेट आत येणार. पाऊस गेला की दुपारनंतरचं ऊन तीच भिंत मेपर्यंत तापवणार. दोन्ही सोसणारं झाड हवं.

माझं पहिलं मत बोगनवेलीला. पाच-सहा तास थेट ऊन मिळालं तरच ती रंगते, आणि ते तुमच्याकडे आहे. कुंडी मोठी देऊ नका. मुळं जरा आवळलेली असली की फुलं जास्त. पाणी रोजच्या रोज घालायचं नाही. पानं किंचित मान टाकायला लागली की भरपूर घालायचं आणि मग पुन्हा विसरायचं. शेणखत दाबून भरलंत तर नुसती हिरवीगार लांबलचक फांदी मिळेल, काट्यांसकट. पावसाळ्यात ती रंग सोडून पानांवर जाते, तेव्हा घाबरू नका. सप्टेंबर संपता संपता छाटा, नव्या फुटीवर रंग येतो आणि नाताळच्या सुमारास बाल्कनी भरते.

कधी जवळून बघा. आपण ज्याला फूल म्हणतो ती कागदासारखी तीन रंगीत पानं आहेत. खरं फूल आत, काडीपेटीच्या काडीएवढं, पांढुरकं, नळीसारखं. म्हणून तर रंग इतके दिवस टिकतो.

दुसरं अडेनियम. ऊन, वारा, खारी हवा, सगळं चालतं, पण भिजत ठेवलेलं चालत नाही. मिरगाच्या आधी कुंडी उचलून आत, झड लागणार नाही अशा उजेडाच्या जागी. पाणी जवळजवळ बंद. अधूनमधून बुंधा बोटाने दाबायचा. टणक असेल तर ठीक, मऊ लागला तर कुजायला सुरुवात झाली. तेवढा भाग स्वच्छ सुरीने काढून सुकवायचा.

माती फक्त तांबडी भरू नका. जांभ्याची माती कुंडीत पावसाने बसते आणि उन्हाने विटेसारखी होते. तांबडी माती, गांडूळखत आणि कोकोपीट समसमान, वर थोडी बारीक खडी किंवा विटांचा चुरा. अडेनियमला खडी अर्ध्यापर्यंत चालेल.

राजांगण
जांभाबाब म्हणतात ते खरं, पण पाव्हण्यांचीच यादी झाली. अबोलीचं नाव कुणी काढलं नाही! आमच्या लहानपणी शोभेचं झाड विकत आणायची पद्धतच नव्हती. अंगणात तुळस, तिच्या बाजूला अबोली, विहिरीकडे जास्वंद, गडग्याला पिटकोळी, म्हणजे नर्सरीतली इक्झोरा. ख्रिस्ती शेजाऱ्यांच्या बाल्कांवात, म्हणजे घरापुढच्या ओसरीत, दोन्ही बाजूंना क्रोटनच्या कुंड्या. एकमेकांकडून फांद्या मागून आणायच्या.

मुक्ता बाय, उत्तरेच्या खिडकीत अबोली फुलणार नाही, पण बाल्कनीत जिथे दुपारची थोडी सावली येते तिथे ठेव. पाणी रोज लागतं, साचलेलं नको. फुलांचे दांडे वाळले की खुडत राहा, नवे येतात. जवळजवळ वर्षभर फुलते. वास नाही, काटा नाही, पण माळली की दुसऱ्या दिवशीही ताजी. मंगेशीला किंवा कवळ्याला गेलीस तर देवळाबाहेर अबोलीच्या फाती (गजरे) दिसतील, त्यांचा केशरी रंग बघ.

मुलं असतील तर एक गंमत दाखव. अबोलीची सुकलेली बोंडं वाटीतल्या पाण्यात टाक आणि थांब. टच्च आवाज होऊन बोंड फुटतं आणि बी उडतं. पहिल्या पावसाला झाड आपलं आपण हेच करतं, त्यामुळे पावसानंतर आसपासच्या कुंड्यांत रोपं सापडतात. "दिल्ली" म्हणून गडद रंगाची मोठ्या फुलांची जात मिळते, तिला मात्र बी धरत नाही, फांदीच लावावी लागते. विकत घेताना विचारून घे.

खुसपटराव
+१ अबोलीला. बाकी बोगनवेल, अडेनियम, क्रोटन सगळं परदेशी. गोव्याला स्वतःची झाडं नाहीत का? देशी लावा, फुलपाखरं तरी येतील.

जांभा
खुसपटराव, देशी लावायला ना नाही. पण मग दसऱ्याच्या तोरणातला झेंडू काढा, तो मेक्सिकोचा. देवळासमोरचा खुरचाफा मध्य अमेरिकेचा. गुलबक्षी तिकडचीच. काजू ब्राझीलचा, म्हणजे काजूची दारू हुर्राकही बंद! बोगनवेलीची नोंद युरोपियनांनी १७६७ साली ब्राझीलमध्येच केली, बूगाँव्हील नावाच्या फ्रेंच दर्यावर्द्याच्या जगप्रवासात. जहाजावरचा वनस्पतिशास्त्रज्ञ कॉमर्सन, आणि त्याची मदतनीस जान बारे पुरुषाच्या वेशात प्रवास करत होती. पृथ्वीप्रदक्षिणा केलेली पहिली स्त्री म्हणून आज तिचं नाव घेतात.

मला विचाराल तर झाड आलं कुठून यापेक्षा ते कुंपण ओलांडतं का, हे बघावं. पिवळ्या फुलांची ती सिंगापूर डेझी, जमीन झाकायला म्हणून लावतात ती, एकदा ओहोळाच्या कडेला पोचली की खाली दुसरं काही उगवू देत नाही. घाणेरी आणि जलपर्णी तशाच. जगातल्या सर्वांत त्रासदायक १०० आक्रमक प्रजातींची जी यादी आहे तिच्यात या तिघी आहेत. मनी प्लांटसुद्धा खिडकीत गुणी. परसातल्या फणसावर सोडलात की पान ताटाएवढं होतं आणि मग काढता येत नाही. बाल्कनीतली बोगनवेल कुठे पळून जात नाही हो.

खुसपटराव
हुर्राकवर आलात म्हणजे वाद संपला. 🙂
पण पिटकोळी आणि जास्वंद तरी यादीत घ्या. पिटकोळीवर फुलपाखरं येतात, आणि आपल्या आंबटसर तांबड्या मातीत तिची पानं पिवळी पडत नाहीत, जी इतर ठिकाणी पडतात.

मांजरवाली
घरात मूल किंवा जनावर आहे का, हे कुणी विचारलंच नाही. मुक्ता, मोठ्या चट्ट्यापट्ट्यांच्या पानांचं डिफेनबेकिया प्रत्येक नर्सरीत पुढेच मांडलेलं असतं. त्याच्या रसात कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे बारीक स्फटिक असतात. पान चावलं की तोंड, जीभ सुजते, भयंकर जळजळ होते. मनी प्लांट, पीस लिली, अ‍ॅग्लोनेमा यांच्यातही तेच असतं. ही झाडं आणू नका असं नाही, रांगत्या मुलाच्या हाताला लागतील अशी ठेवू नका.

कण्हेर मात्र वेगळी. लाल-गुलाबी कण्हेर आणि पिवळी बिट्टी, दोन्हींचं विष थेट हृदयावर जातं. अडेनियम त्याच कुळातलं, त्याचा चीक हाताला लागला तर लगेच धुवायचा. मांजर असेल तर फुलवाल्याकडची लिली घरात नकोच. मांजरांची मूत्रपिंडं तिने निकामी होतात, नुसता पराग अंगावर पडून चाटला तरी.

मुक्ता_पर्वरी
बाप रे, केवढं लिहिलंत सगळ्यांनी! मुलगी दुसरीत आहे, तोंडात घालायचं वय गेलं. मांजर नाही. राजांगणकाकू, बोंडांचा प्रयोग नक्की.

उत्तरेच्या खिडकीचं सांगा ना कुणीतरी. तिथे हवा शुद्ध करणारी झाडं ठेवू म्हणते, स्नेक प्लांट वगैरे. रात्री ऑक्सिजन देतात म्हणे?

कोलवाळकर
स्नेक प्लांट खुशाल ठेवा, पण हवेसाठी नको. हे सगळं १९८९ सालच्या नासाच्या एका प्रयोगावरून सुरू झालं. तो प्रयोग छोट्या बंदिस्त पेट्यांमध्ये केला होता. घरात दारं-खिडक्यांतून हवा सतत बदलते. २०१९ साली अशा बऱ्याच प्रयोगांचे आकडे एकत्र करून हिशोब मांडला गेला, तेव्हा खिडकीतून येणाऱ्या हवेची बरोबरी करायला दर चौरस मीटरला १० ते १००० झाडं लागतील असं निघालं. तेवढी ठेवलीत तर तुम्हाला झोपायला बाल्कनीत जावं लागेल. ऑक्सिजनचंही तसंच, रात्रीचा हिशोब नगण्य. खिडकी उघडा, झालं काम.

त्या खिडकीत अ‍ॅग्लोनेमा उत्तम. कमी उजेडात टिकतं आणि सावकाश वाढतं. पानांत लाल-गुलाबी जास्त असेल तर उजेडही जास्त लागतो; अगदी अंधारं असेल तर हिरव्या-करड्या पानांचं घ्या. झेडझेड प्लांटही चालेल, त्याला महिन्यातून दोनदा पाणी पुष्कळ. आणि कॅलेथिया! पुण्यातले लोक तिच्या पानांच्या कडा करपतात म्हणून रडतात, कारण तिला दमट हवा लागते. ती आपल्याकडे फुकट आहे. फक्त त्या खोलीत रात्रभर एसी असेल तर नको.

एक सूचना. कुंडीखालच्या बशीत आणि मनी प्लांटच्या बाटलीत डास होतात. बशी बारीक खडीने भरून टाका किंवा दर चार दिवसांनी ओतून कोरडी करा. बाटलीचं पाणीही तसंच बदलायचं.

मडगांवची_शेवंती
माझं मत जरा वेगळं. जांभाकाका जुलै-जुलै करून घाबरवतायत. पिटुनिया आणा की! नोव्हेंबर ते फेब्रुवारी मस्त फुलतो, मग टाकून द्यायचा. फुलांचा गुच्छ आपण आठवड्यात टाकतो, तेव्हा वाईट वाटतं का? पॉइन्सेटियाही नाताळापुरता. सगळ्या झाडांशी जन्माची गाठ कशाला बांधायची?

जांभा
शेवंतीबाय, गुच्छ म्हणून आणलात तर काहीच हरकत नाही. फक्त घेताना "हा गुच्छ आहे" हे माहीत असावं. नर्सरीवाला तसं सांगत नाही, आणि मार्चमध्ये माणूस स्वतःला दोष देत बसतो.

सत्तरीचा_भटका
मुक्ताताई, उटीकडे वळतो. उटी समुद्रसपाटीपासून २२०० मीटरच्या वर. तिथलं सरकारी वनस्पती उद्यान १८४८ सालचं, मे महिन्यात तिथे पुष्पप्रदर्शन भरतं, जरूर बघा. पण हायड्रेंजिया, फुशिया, जिरॅनियम ही तिथल्या थंड रात्रींवर वाढलेली झाडं. पर्वरीत मेची रात्र गरम, आणि पाठोपाठ पावसाळा. जगलीच तरी फुलणार नाहीत. तिथे डोळे भरून बघा. आणायचंच असेल तर वाटेत केरळ किंवा बंगळूर लागलं तर तिथून अँथुरियम आणा. त्याला सावली, ओल आणि मोकळी माती लागते, आणि हे तिन्ही आपल्याकडे आहे.

रोप आणायची रीत: कुंडी आणू नका. रोप मातीच्या गोळ्यासकट काढून ओल्या वर्तमानपत्रात गुंडाळा, मग पिशवी, पानं बाहेर मोकळी. गाडीच्या डिकीत उन्हात ठेवू नका. घरी आल्यावर दोन आठवडे इतर झाडांपासून लांब ठेवा. पिठ्या ढेकूण पानाच्या बेचक्यात कापसासारखा बसलेला असतो आणि सोबत येतो. दिसला तर लिटरभर पाण्यात पाच मिली नीम तेल आणि थोडं साबणाचं पाणी, संध्याकाळी फवारा.

परदेशातून मात्र रोप, कंद, बी काही बॅगेत घालू नका. २००३ सालच्या वनस्पती अलगीकरण आदेशाप्रमाणे आयातीचा परवाना आणि तिकडच्या सरकारचं रोगमुक्ततेचं प्रमाणपत्र लागतं. सिंगापूरचं ऑर्किड उद्यान बघून आल्यावर हा मोह फार होतो, म्हणून सांगितलं.

आणि ऑर्किडसाठी सिंगापूर कशाला? मेअखेर किंवा पहिल्या पावसात वाळपईकडे या. रस्त्याकडेच्या जुन्या आंब्या-फणसांवर सीतेची वेणी फुललेली असते. पांढरा घोस, त्यावर गुलाबी ठिपके, वितीपेक्षा लांब, खाली लोंबणारा. गाडी थांबवून मान वर करायची, बस. ती खरवडून आणून बाल्कनीत बांधायची नाही. अभयारण्यातून तर परवानगीशिवाय काहीच काढता येत नाही, १९७२ चा वन्यजीव कायदा झाडांनाही आहे. पण कायदा बाजूला ठेवा; ज्या सालीवर, ज्या बुरशीच्या संगतीने ती वाढली ते घरी मिळत नाही आणि बहुतेक वेळा ती सुकतेच.

ऑगस्ट-सप्टेंबरात आपले सडे, म्हणजे जांभ्याची उघडी पठारं, बघा. एरवी काळाकुट्ट तापलेला जांभा, त्यावर निळी सीतेची आसवं आणि पांढरे गेंद. माती इतकी निकस की सीतेची आसवं पाण्यातले सूक्ष्म जीव पकडून खातात, आणि दवबिंदू नावाचं इवलं रोप आपल्या चिकट केसांवर किडे धरतं. गुडघ्यावर बसल्याशिवाय दिसत नाहीत. पाय मात्र उघड्या दगडावर ठेवा, फुलांवर नको. कास पठारासारखी तिकिटं आणि रांगा इथे नाहीत, तोवर पाहून घ्या. कुंडीत लावायचा विचार मनातही आणू नका. खत लागलं की ती मरतात.

राजांगण
भटकेबाब, माटोळीचं विसरलात. चवथीला आमच्याकडे गणपतीच्या डोक्यावर जी माटोळी टांगतात, तिला रानातलंच बांधतात. कांगणां, माट्टीची फळं, कवंडळ, सुपारीचा शिपटा, आंबाडे. आणि कळलावीचं फूल, लाल-पिवळं, ज्वाळेसारखं वर वळलेलं. शोभेचं झाड म्हणून त्याच्या तोडीचं दुसरं नाही, पण कंद जहाल विषारी. माटोळीच्या बाजारात आदल्या दिवशी गेलीस, मुक्ता, तर रानातलं काय काय शोभेचं असतं ते एका जागी दिसेल. विकणाऱ्या बायकांना विचार, त्या नाव, रान, ऋतू सगळं सांगतात.

सत्तरीचा_भटका
खरंच विसरलो, काकू. आणि सांजावच्या ख्रिस्ती सणाला, २४ जूनला, डोक्यावर जे कोपेल (फुलापानांचा मुकुट) घालतात त्यातही त्या आठवड्यात रानात जे फुललंय तेच येतं.

लहान मुलीला घेऊन जायला सोपी जागा म्हणजे बोंडला अभयारण्य. प्राणी बघायला लोक जातात, पण तिथे वनस्पती उद्यानही आहे. पणजीत गेलात तर चर्चसमोरच्या गार्सिया द ओर्ता उद्यानात बसा. त्या पोर्तुगीज वैद्याने इथल्या औषधी वनस्पतींवर लिहिलेलं पुस्तक १५६३ साली गोव्यातच छापलं गेलं. आणि समुद्रावर गेलात तर वाळूवर जांभळ्या फुलांची मर्यादवेल पसरलेली दिसेल, तिच्या शेजारी रावणाच्या मिशा. दोघी वाळू धरून ठेवतात. ती वेल उपटून लॉन लावणारे रिसॉर्टवाले बघितले की माझं डोकं फिरतं, पण तो वेगळ्या धाग्याचा विषय.

कोलवाळकर
ऑर्किड पाळायचंच असेल तर नर्सरीतलं डेन्ड्रोबियम घ्या, ते लागवडीचंच असतं. माती अजिबात नाही. नारळाच्या सोडणाचे तुकडे, लाकडी कोळसा, विटांचे तुकडे, भोकाभोकांच्या कुंडीत. पाणी घातल्यावर मुळांकडे बघा. पांढरट राखाडी मूळ भिजलं की हिरवं होतं. पुन्हा पांढरं दिसलं की पाण्याची वेळ झाली. सौम्य ऊन, दुपारची सावली. म्हणजे तुमच्या बाल्कनीत बोगनवेलीच्या आडोशाला. जुनी सुकल्यासारखी दिसणारी कांडी कापू नका, तिच्यात झाडाचा साठा असतो आणि कधी कधी तिच्यावरच पुन्हा दांडा येतो. पावसात झड लागणार नाही पण वारा लागेल अशी जागा द्या, नाहीतर कोंब काळे पडतात.

मुक्ता_पर्वरी
आज दोन फेऱ्या मारल्या. राणी रंगाची बोगनवेल, एक अबोली (दिल्ली नाही, विचारून घेतली), एक अ‍ॅग्लोनेमा. आणि शेवंतीताईंच्या नावाने एक पिटुनिया, गुच्छ म्हणून. 🙂 अडेनियम पुढच्या खेपेला. उटीहून फोटोच आणेन.

आता नवीन कटकट. खालच्या मजल्यावरच्या काकांचा निरोप आला, कपड्यांवर लाल पाणी पडतं. कठड्यावर कुंड्या ठेवल्यात.

जांभा
कठड्यावरून आधी उतरवा. पाण्याचं नंतर, पण मिरगाच्या वाऱ्याला कठड्यावरची कुंडी रस्त्यावर जाते आणि खाली कुणीतरी चालत असतं. आत जमिनीवर, बोगनवेल लोखंडी घडवंचीवर, भिंतीला तारेने बांधून. बुडाच्या भोकावर नारळाच्या काथ्याची चकती ठेवा, म्हणजे माती वाहून जात नाही. पाणी सावकाश, दोन हप्त्यांत घाला. आणि काकांना अबोलीची एक फांदी द्या, त्यांच्याकडेही लागेल.

डिचोलीकर
उशिरा आलो. क्रोटन आणून आठवडा झाला, रोज दोन-तीन पानं गळतायत. पाणी जास्त झालं का?

कोलवाळकर
कुठून आणलंत? नर्सरीत हिरव्या जाळीखाली असेल आणि तुम्ही एकदम उन्हात ठेवलं असेल, किंवा उलट, तर खालची पानं गळतातच. जागा बदलत बसू नका. टोकाचा कोंब ताजा आहे ना? मग पाणी मातीचा वरचा इंचभर थर सुकल्यावरच, खत महिनाभर नाही. तीन आठवड्यांनीही गळ थांबली नाही तर पानाची मागची बाजू बघा. लाल कोळी असेल तर बारीक जाळं दिसतं. फोटो टाका.

डिचोलीकर
कोंब ताजा आहे. मागची बाजू उद्या उजेडात बघतो. आणि शंखी गोगलगायींचं काय करता हो तुम्ही लोक? पावसात आमच्या अंगणात नुसता सडा पडला होता.

राजांगण
रात्री टॉर्च घेऊन फिरायचं, हातात पिशवी घालून वेचायच्या, मिठाच्या पाण्याच्या बादलीत टाकायच्या. ओलं गोणपाट अंगणात टाकून ठेव, सकाळी त्याखाली जमलेल्या सापडतात. उघड्या हाताने धरू नकोस. मीठ मात्र कुंडीत पडू देऊ नको.